फाटका मांडा पितरांना चालत नाही

मुलगी दुसरीत होती त्या वर्षी भावाचं पत्र आलं होतं, "आखाजीला ये. आईला आता नीट दिसत नाही." अक्षय तृतीयेला माहेरी जायच्या माझ्या तीन आखाज्या चुकल्या होत्या. धुळ्याहून एकची गाडी मिळाली तर संध्याकाळी माहेरी, बोदवडला. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्या म्हणाल्या, "मांडे झाले की जाय." मला वाटलं, झालं काम.

देवपुरातल्या आमच्या घरी रॉकेलचा स्टो आला होता, पण मांडे चुलीवर खापर पालथं घालूनच. आणि पहिला मांडा आत्याबाईंच्या हातचा. तो निखाऱ्यावर पितरांना द्यायचा, मग बाकीचे. फाटका चालत नाही.

त्या वर्षी त्यांचा हात थरथरायला लागला होता. पुरण भरलेला गोळा त्यांनी हातावर घेतला, कोपरापर्यंत ओढला आणि मधोमध भोक.

"पीठच वाईट शे."

पीठ मी दोनदा वस्त्रगाळ केलं होतं. दुसरा फाटला तेव्हा पुरण जाड निघालं. तिसऱ्याला खापर तापलं नव्हतं. चौथ्याला म्हणे मी समोर उभी होते. हे बाहेरून पिशवी घेऊन विचारत होते, "झालं का?" बारा वाजून गेले होते.

मुलगी म्हणाली, "मोठी माय, पितरांना भूक लागली असेल ना?"

"तू चूप बैस."

मी म्हटलं, "आत्याबाई, एक मी टाकून बघू का?" माहेरी आम्ही मांडा नुसत्या तळव्यांवर झेलत वाढवायचो, कोपरापर्यंत नेत नसू.

"तुमना बोदवडना मांडा आमना पितर वळखतीन का?"

पाचवाही फाटला. मग माझं डोकं फिरलं. मी परातीतला गोळा उचलला, तळव्यांवर झेलला, वाढवला आणि खापरावर टाकला. कुठे भोक नाही, सुरकुती नाही. आत्याबाईंनी वाकून चहूबाजूंनी पाहिला.

"लहान शे."

नऊ वर्षांत मी त्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी तोंडातून गेलं, "पितर काय माप घेऊन बसलेत?"

मुलगी खिदळली. आत्याबाईंनी तोच मांडा तुपासकट निखाऱ्यावर ठेवला, हात जोडले. मी पदराला हात पुसले आणि पिशवीकडे निघाले.

"कथी चालनी? तुले जमस ना? मंग बठ्ठा तूच टाक आते. नणंद येवाव शे."

नणंद येणार म्हणून सगळे मांडे आता माझ्यावर. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी पिशवी खाली ठेवली. एवढंच केलं.

एकची गाडी सुटली असेल तेव्हा मी घामाने निथळत खापरापुढे बसले होते. शेजारीण दारात आली तशा आत्याबाई पाटावरून तिला म्हणाल्या, "देख, कशी टाकस. मीच शिकाडेल शे."

बोदवडला दुसऱ्या दिवशी पोचले. आखाजी संपली होती, भाऊ सणाला झाडावर बांधलेले झोके सोडवत होता. आईने माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला.

"काल का नाही आलीस गं?"

"मांडे होते."

"फाटले का?"

"नाही ना," मी म्हटलं. "तेच तर झालं."