न गाण्याचा भाव

इंदिरानगरमधल्या एका संगीत कंपनीने माझ्या आठ गाण्यांचे सगळे हक्क कायमचे मागितले, आणि वर एकच कॉफी दोघांत वाटून पाजली. मी उठून आलो. अल्बम काढायचा तो ऐकणाऱ्यांच्या पैशावर, असं येता येता रिक्षातच ठरवलं.

नेटवर वर्गणी मागायची तर तिथेही मधला माणूस वाटा कापतो. म्हणून मी भिशी काढली. माझे पक्के बारा श्रोते, दरमहा ठरावीक रक्कम, वर्षभर. पैसे माझ्याकडे. दर महिन्याला ज्याची चिठ्ठी निघेल त्याच्या घरी मी गिटार घेऊन दोन तास गाणार. या कल्पनेवर मी इतका खूश होतो की आठवडाभर कुणाशी भांडलो नाही.

पहिली चिठ्ठी मारतहळ्ळीतल्या एका नागपूरकराची निघाली. अभिनंदन करायला फोन केला.

"दादा, तुमची गाणी खूप आवडतात," तो म्हणाला. "पण घरी म्हणजे तीस माणसांचं जेवण आलं. खालच्या मजल्यावरचे काका आवाजावरून भांडतात ते वेगळंच. मी हजार जास्त देतो, तुम्ही नका येऊ."

"न गाण्याचे पैसे देतोस मला?"

"रागावू नका ना."

रागावलो तर होतोच, पण घासाघिशीची सवय वाईट. "हजारात मी गप्प बसत नाही. तीन."

दोनवर ठरलं.

बातमी भिशीच्या ग्रुपवर पसरली. मग ज्याची चिठ्ठी निघेल तो थेट न येण्याचा भाव विचारू लागला. नऊ महिन्यांत मी नऊ घरी गायलो नाही. स्टुडिओचे पैसे वेळेआधीच जमले.

"तुझ्या आवाजाला एवढी किंमत आजवर कुणी दिली नव्हती," पहिल्या सौद्यालाच बायको म्हणाली होती. त्या दिवसापासून मी रियाजच बंद केला होता. कुणासाठी करायचा?

दहावी चिठ्ठी राजाजीनगरच्या एका अक्कांची. पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच कानडी, बँकेतून निवृत्त झालेल्या. मी फोनवर आधीच भाव सांगून टाकला.

"नको कशाला? दहा महिने भरले की मी," अक्का म्हणाल्या. "जिन्यावर सतरंजी टाकते. सात वाजता ये. आणि अडीच तास."

"अक्का, दोन ठरलेत."

"स्वल्प जास्त. सरी, चालेल ना?"

जिना वरपर्यंत भरला होता. तिसऱ्या गाण्यात माझा आवाज फाटला. नऊ महिन्यांचा गंज, दुसरं काय. पुढच्या आठवड्यात स्टुडिओ ठरला होता, आणि हाच आवाज मी कायमचा छापून घेणार होतो.

"परत म्हण," पहिल्या पायरीवरून अक्का म्हणाल्या. "नीट."

परत म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं. पावणेतीन तास झाले, आणि वरच्या पंधरा मिनिटांचं मी काही मागितलं नाही.

घरी येऊन स्टुडिओ दोन महिने पुढे ढकलला आणि ग्रुपवर लिहिलं: न येण्याचा भाव बंद. उरलेल्या दोघांकडे मी येणारच.

त्यातल्या एकाचं लगेच उत्तर आलं, "दादा, जेवणाचं काय?"

"माझा डबा मी आणतो," मी लिहिलं. "तुझ्याही खालच्या मजल्यावर काका असतील, तर त्यांच्याशीही मीच बोलतो."