लॉग माझ्या हातात होता

नव्वदचं दशक सरत आलं होतं. सुरतेत रिंग रोडवरच्या एका ऑफिसात मी सर्व्हर सांभाळायचो. मशीन एकच, पण त्यावर पंधरा-वीस साडीवाल्यांच्या वेबसाइट. प्रत्येकाची नवी डिझाइनं पासवर्डमागे ठेवलेली, आणि कोण कधी काय पाहून गेलं याची नोंद लॉगमध्ये. माझे वडील उधन्यात कापडाच्या लूमवर कामाला होते. रोज सकाळी डबा हातात देताना एकच सांगायचे, "नोकरी संभाळजो, बेटा."

मार्केटात नव्या गिऱ्हाइकाचं मागणं ठरलेलं असे: "बाजूवाळानुं छे एवुं ज." बाजूच्यासारखंच हवं. मग मीही बाजूवाल्याची सेटिंग जशीच्या तशी कॉपी करून दुकानाचं नाव बदलायचो. काम झटपट व्हायचं आणि मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटायचं.

एका सकाळी एक शेठ तणतणत आला. त्याने अजून बाजारात न आणलेली साडी शेजारच्या दुकानात टांगलेली होती. आमच्या मालकाने लगेच ऑफिसात साड्यांचे फोटो स्कॅन करणाऱ्या मुलीकडे बोट दाखवलं. ती आमच्याच खानदेशातली, सुरतेजवळच्या कोसाडहून यायची, घरात कमावणारी एकटी. ती रडत शपथा घेत होती. मालक मला म्हणाला, "लॉग निकाल."

शेठच्या लॉगमध्ये काहीच नव्हतं. मग मी शेजाऱ्याचा लॉग उघडला. शेठची सगळी डिझाइनं शेजाऱ्याच्याच पासवर्डने उघडलेली. शेठसाठी या शेजाऱ्याचीच सेटिंग कॉपी करताना पासवर्डची आणि लॉगची ओळ बदलायला मी विसरलो होतो.

या ओळी पुसून टाकाव्यात, असंही मनात आलं. तासभर नुसता बसून राहिलो. शेवटी लॉगचा कागद छापून मालकाच्या केबिनमध्ये गेलो, तोवर त्या मुलीला काढून टाकलं होतं.

मालकाने कागद वाचला आणि फाडला. "शेठ को बोलेंगे, लड़की ने दिया. तू चुप रहना."

मी "हो साहेब" म्हणालो. नोकरी वाचली म्हणून हायसं वाटलं, याची आजही लाज वाटते.

संध्याकाळी ती बसथांब्यावर उभी होती. मला पाहून धावतच आली.

"दादा, लॉगमा मनं नाव नही ना?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग सायेबले सांगजो, दादा."