पाटी पुसायला लावणाऱ्या बाई

बाई गेल्याचं कळलं तेव्हा मी मेथी निवडत होते. नांदेडहून त्यांच्या भाचीचा, सुमनचा फोन आला. "मावशी सकाळी गेली," एवढंच बोलली आणि मग मलाच म्हणाली, "रडू नका हो." मी रडत नव्हते. मला राग आला होता. मथुराबाईंशी माझं एक भांडण अर्धवट राहिलं होतं, आणि ते तसंच टाकून त्या निघून गेल्या होत्या. आता काही आठवडे झाले. राग ओसरलेला नाही, पण त्याच्या आडून बाकीचं आठवायला लागलंय, म्हणून लिहायला बसले. माझ्या पुस्तकांवर माझं नाव छापलेलं असतं. ते नाव छापण्याजोगं ज्यांनी केलं, त्यांना नांदेडच्या चार गल्ल्यांबाहेर कुणी ओळखत नव्हतं...

मी मूळची लातूरची. वडिलांचं गोलाईच्या बाजारात कापडाचं दुकान. राज्य निजामाचं, त्यामुळे शाळेत सगळं उर्दूतून, अगदी गणितसुद्धा. मराठी होती ती घरातली. आईच्या तोंडची आणि त्याहून जास्त गंगाक्काच्या तोंडची. गंगाक्का माझी थोरली बहीण. माझ्या डोक्याला तेल लावता लावता गोष्ट सांगायची आणि ऐन रंगात आली की अर्धीच सोडून द्यायची. "उरलेली उद्या," म्हणायची. उदगीरला दिली होती तिला. पहिल्याच बाळंतपणात गेली. पुढे माझं लग्न झालं, मी नांदेडला आले. आमचे हे गिरणीत कारकून. दुपारी घर निजलं की मी चोरून गोष्टी लिहायची. एकदा ह्यांच्या हाती ती पानं लागली. आता बोलणी बसणार असं मी धरून चालले होते, तर ती पानं घेऊन हे मुलींच्या शाळेतल्या मथुराबाईंकडे गेले आणि दुसऱ्या दिवशी मलाही तिथं नेऊन बसवलं.

बाई बिलोलीकडच्या. लहानपणीच विधवा झालेल्या, भावानं हट्टानं शिकवलेल्या, बिगरीच्या पोरींना अक्षरं गिरवायला लावणाऱ्या. पण गावात कुणाला मराठीतलं चार ओळींचं भाषण हवं असो की लग्नाच्या मंगलाष्टका, माणसं त्यांच्याच दारात यायची. त्यांनी माझी पानं चाळली. "तुझ्या गोष्टीत पुण्यातल्या पोरी टेबलावर चहा पिऊन राहिल्यात. तू पुणं पाह्यलंस का?"

"न्हाई."

"टेबल?"

"शाळेत होतं एक. मास्तरचं."

मला वाटलं, आता हसतील. हसल्या नाहीत. "छापून यावं वाटतं का?" असं विचारलं, आणि मी "हाव" म्हणाले ते इतक्या जोरात की ह्यांनी दचकून वर पाहिलं. "मग रोज दुपारी यायचं," बाई म्हणाल्या. "कागद आणायचा न्हाई."

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, कागद मिळत नव्हता, हे खरं. पण बाईंच्या घरी कागदाचे रीम पडलेले असते तरी त्यांनी मला पाटीच दिली असती. रीत अशी होती: पाटीच्या दोन्ही बाजू भरून लिहायचं. मोठ्यानं वाचून दाखवायचं. मग ओल्या फडक्यानं आपल्या हातानं सगळं पुसायचं आणि घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या. दुसऱ्या दिवशी तेच परत लिहायचं. जे परत येईल ते तिसऱ्या दिवशी कागदावर चढायचं, जे येणार नाही त्याचं सुतक पाळायचं नाही. आधी गळायची ती विशेषणं. मग चंद्र, मग उसासे, मग मी कुठंतरी वाचलेली थोरामोठ्यांची वाक्यं. राहायची ती माणसं आणि त्यांचं बोलणं. मला हे सहज जमलं असं कुणी समजू नये. एकदा मी संतापून पाटी भिंतीवर फेकली. चौकट निखळली. बाईंनी ती सुतळीनं आवळून बांधली, पाटी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "झालं का? लिही."

वर्षा-दीड वर्षात अकरा गोष्टी कागदावर उतरल्या. बारावी अक्काची होती. ती पाटीवर लिहून मी वाचून दाखवली आणि फडकं हातात घेतलं, पण हात पुढे जाईना. उदगीरहून निरोप आला तेव्हा आम्हाला तिचं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नव्हतं. आता मीच तिला कशी पुसू? बाईंनी माझ्या हातातून फडकं घेतलं. मला वाटलं, त्या पुसणार. त्यांनी ते घडी करून खाली ठेवलं. "जा," म्हणाल्या. "ही तशीच कागदावर उतरव." तेवढ्या एकाच दिवशी बाई हळव्या झालेल्या मी पाहिल्या.

पुढे रझाकारांचे दिवस आले. घरांच्या झडत्या होऊ लागल्या, कुठला कागद कुणाला खटकेल याचा नेम उरला नाही. बाईंनीच युक्ती काढली. माझ्या बाराही गोष्टी लाल कापडात पोथीसारख्या बांधल्या आणि म्हणाल्या, "देवघरात ठेव. तिथं कुणी हात लावणार न्हाई." मी ठेवल्या. सासूबाईंना काही बोलले नाही, कारण सून बाईंकडे शिकायला जाते एवढंच त्यांना माहीत होतं; ती गोष्टी लिहिते हे ठाऊकच नव्हतं. एका सकाळी ह्यांनी ठरवलं, आता निघायचं, पैनगंगा ओलांडून, निजामाच्या हद्दीबाहेर, उमरखेडला ह्यांच्या मावशीकडे. मी भांडी बांधत होते. सासूबाई शिवपूजेशिवाय पाण्याचा घोट न घेणाऱ्या. घर बेवारस पडणार, पोथ्यांची विटंबना होणार, हे त्यांना सोसवेना. जुन्या पोथ्या नदीला देतात तशा त्यांनी देवघरातल्या साऱ्या पोथ्या गोळा केल्या, हळदकुंकू वाहिलं, गोदावरीवर गेल्या आणि हात जोडून सोडून आल्या. माझ्या बारा गोष्टींनाही कुंकू लागलं. लाल गाठोडं सासूबाईंच्या सामानात असेल असं मी धरून चालले होते; हे मला उमरखेडला पोचल्यावर कळलं, तेही सासूबाई समाधानानं सांगत होत्या तेव्हा... मी परसात जाऊन बसले.

थोड्याच दिवसांत बाईही सीमा ओलांडून उमरखेडला आल्या. काखेत वळकटी आणि वळकटीत ती सुतळी बांधलेली पाटी. मी सगळं सांगितलं. मला सांत्वन हवं होतं. बाई आधी खो खो हसल्या, लुगड्याच्या पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "गोदामाईनं वाचल्या असतील. आता माणसांना वाचू दे. बस."

"बाई, सगळं गेलं हो."

"कागद गेला. तू पाटीवर किती डाव पुसलंस ते? बस म्हणते ना."

मी बसले. मावशीच्या गोठ्यातल्या कुडाला टेकून, शेणाच्या वासात, मी त्या गोष्टी परत लिहिल्या. आणि त्या आल्या! एकेक वाक्य हाताशी येऊन उभं राहत होतं, कारण प्रत्येक वाक्य मी आधी एकदा घालवून परत मिळवलेलं होतं. तेव्हा मला त्या फडक्याचा अर्थ कळला. अकरा गोष्टी आल्या. अक्काची आली नाही. पहिली ओळसुद्धा नाही. निजामाचं राज्य गेलं, आम्ही नांदेडला परतलो, पुण्याच्या एका प्रकाशकानं पुस्तक काढलं. त्यात अकराच गोष्टी आहेत.

आमचं भांडण ते हे. दर भेटीत मी म्हणायची, "बाई, तुमच्या पोथीपायी माझी अक्का बुडाली." दर भेटीत त्या म्हणायच्या, "मग लिही परत." मी म्हणायची, येत नाही. माझी पुढची पुस्तकं आली, केस पिकले, हे गेले, मी नांदेड सोडलं, तरी आमचं तेच. शेवटच्या भेटीत मात्र बाई अंथरुणावर होत्या आणि मी काही बोलायच्या आत त्यांनीच सुरुवात केली. "पोथीची युक्ती चांगलीच होती. चूक ती न्हाई झाली. त्या दिवशी मी फडकं खाली ठेवलं, तिथं चुकलं माझं."

"मी पुसलंच नसतं," मी म्हणाले.

"मी लावलं असतं. पुसली असती तर राहिली असती तुझ्याजवळ." मग डोळे मिटून म्हणाल्या, "अजून पाटी हाय."

मी रागानं उठले. या वयात मला माझ्या मेलेल्या बहिणीबद्दल शिकवतात, असं वाटलं. नीट निरोपही न घेता मी गाडीत बसले. त्यानंतर आला तो सुमनचा फोनच.

बाईंच्या तेराव्याला नांदेडला गेले तेव्हा सुमननं पाटी माझ्या हातात ठेवली. "तुम्हालाच द्यायची म्हणून ठेवायला सांगितली होती." सुतळी नवी होती, म्हणजे बाईंनी अधूनमधून बदलली असणार. ती पाटी मी घरी आणली आणि बरेच दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवली. काल दुपारी घेतली. जुनी गोष्ट आठवायचा प्रयत्नच केला नाही. अक्काबद्दल जे सुचेल ते लिहीत गेले. दोन्ही बाजू भरल्या. रिकाम्या घरात मोठ्यानं वाचलं. मग फडकं ओलं केलं, आणि या खेपेला ते खाली ठेवणारं कुणी नव्हतं. मी पुसलं. हुंदका आला, तरी कोपऱ्यांसकट सगळं पुसलं आणि उठून कुकर लावला.

आज सकाळी पाटी पुन्हा पुढ्यात घेतली. कालचं सगळं आलं नाही, बरंच गळलं. अक्का आली. तेलाचा हात माझ्या डोक्यावर तसाच ठेवून म्हणाली, "उरलेली उद्या."