आईसाठी केलेला इंग्रजी अर्ज

माझी आई एका रविवारी सकाळी सरकारदरबारी वारली आणि दुपारी तिने आम्हाला भरली वांगी करून वाढली. मधल्या वेळात जे घडले त्याला जबाबदार मी.

अण्णा, म्हणजे माझे वडील, ठाण्याच्या कचेरीत नकला करणारे कारकून. त्यांची बदली मोखाड्याला झाली. तिथले जंगल, तिथला हिवताप आणि आईचा दमा यांचे जमणे शक्य नव्हते, आणि तिला गुण येई तो नौपाड्यातल्या वैद्यांच्याच औषधाने. मला तिची फार काळजी वाटे. बदली रद्द करण्यासाठी साहेबाला इंग्रजीत अर्ज करायचे ठरले आणि तो मान मला मिळाला. (मी इंग्रजी पाचवीत होतो. पाचवीतले ते माझे दुसरे वर्ष, हे आई पाहुण्यांना सांगत नसे.)

इंग्रजीत जुळ्या भावांसारखे शब्द फार. 'डिसीज्ड' म्हणजे आजारी आणि 'डिसीस्ड' म्हणजे मेलेला, की उलट? 'अ‍ॅक्सेप्ट' म्हणजे स्वीकारा की वगळा? मी युक्ती काढली. शंका येईल तिथे दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहायचे आणि मागाहून मास्तरांकडून एक खोडून घ्यायचा. मास्तर लग्नाला कल्याणला गेलेले. शनिवारी मी मसुदा कोनाड्यात ठेवला आणि जोड्या चिठ्ठीवर उतरवून कल्याण गाठले. मास्तर पंगतीत सापडले. "जेवताना इंग्रजी विचारू नये," म्हणाले आणि जिलबीकडे वळले.

हात हलवत परत आलो तर अण्णा टाक पुसत बसलेले.

"पक्की प्रत करून साहेबांच्या बंगल्यावर दिलीसुद्धा. सोमवारी हुकूम निघायचा, थांबून कसं चालेल?"

"सगळं उतरवलंत?"

"आजवर एक मात्रा गाळलेली नाही, सदू."

अण्णांना इंग्रजी वाचता येत नसे, पण अक्षरे रांगोळीसारखी काढता येत. आणि त्यांचा धर्म एकच, मक्षिकास्थाने मक्षिका! मसुद्यात डाग असला तर प्रतीतही तेवढाच डाग. खरे तेव्हाच सांगायला हवे होते. पण अण्णा माझ्याकडे इतक्या अभिमानाने पाहत होते की जीभ रेटेना.

रविवारी सकाळी अण्णांचे वरिष्ठ, शिरस्तेदार, पडलेल्या चेहऱ्याने दारात हजर.

"साहेबांनी अर्ज वाचला. केव्हा झालं रे?"

"काल दुपारी," मी म्हणालो. मला वाटले, अर्जाचेच विचारताहेत. "अण्णांनी एकट्यानेच सगळं केलं."

"अरेरे. आता कुठे आहेत?"

"बाजारात. वांगी आणायला गेलेत."

"वांगी?"

"आईची इच्छा."

त्यांनी डोळे पुसले. "शेवटची?"

"छे, आठवड्यातून एकदा असतेच."

इतक्यात दाराआडून बांगड्यांचा हात आला आणि पाण्याचा तांब्या पुढे झाला. शिरस्तेदार मागे सरकले.

"सुतकाच्या घरचं पाणी कसं घेऊ? आणि या कोण?"

"आई."

"कोणाची?"

"माझी."

शिरस्तेदारांचा चेहरा कठोर झाला. "एका रात्रीत दुसरी? अण्णांनी फार घाई केली."

दाराआडचा खोकला अचानक थांबला. "अहो, दुसरी कोण?" आई म्हणाली. मी त्यांना सगळे नीट समजावून सांगत होतो, तोच अण्णा वांगी घेऊन आले आणि शिरस्तेदार आणखीच गोंधळले.

सोमवारी साहेबाने अण्णांना बोलावले. साहेबाला पुस्तकी मराठी येई.

"आपली स्त्री आजारी आहे की मृत?"

"मूळ मसुद्यात जे होतं तेच आहे, साहेब," अण्णा म्हणाले आणि मसुदा पुढे ठेवला.

साहेबाने दोन्ही कागद ताडून पाहिले. एका टिंबाचा फरक नव्हता. माझ्या बोटाच्या तेलाचा डागसुद्धा अण्णांनी शाईने उतरवला होता. असला माणूस जंगलात पाठवणे म्हणजे सरकारचे नुकसान, असे म्हणून साहेबाने बदली रद्द केली.

आईचा वैद्य तिच्याजवळ राहिला. घरात माझ्या इंग्रजीचा जयजयकार झाला आणि मीही चार दिवस ताठ मानेने हिंडलो. पाचव्या दिवशी अर्ज परत आला. सतरा जोड्या होत्या. आठ जोड्यांत साहेबाने चुकीचा शब्द खोडला होता. उरलेल्या नऊ जोड्यांत त्याने दोन्ही खोडले होते.