झडपांची खोली

कचेऱ्यांच्या खोल्या सजवणाऱ्या त्या बाईला धंद्यातले लोक ‘झाडवाली’ म्हणत. कोंदट कचेरीत शिरली की आधी ती भिंतींच्या जिवावर उठायची. डावीकडून उजेड, मान वर केली की काहीतरी हिरवं, हाताखाली खरं लाकूड आणि खेळती हवा, एवढं मिळालं की माणसाचं डोकं ताळ्यावर राहतं, असं ती ठासून सांगायची. तयार खोली ताब्यात द्यायच्या आधी तिची एक रीत असे. ज्याची जागा, त्याच्या खुर्चीत स्वतः दिवसभर बसून बघायचं. खुर्चीतून वेगळंच दिसतं, म्हणायची.

तिचा नवरा यंत्रांच्या माहितीपुस्तकांचं भाषांतर करायचा. गेलं वर्षभर त्याचं डोकं चालेना. एक वाक्य लिहायचं, पुसायचं, परत तेच लिहायचं. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. आता एकच कंपनी त्याला धरून होती, आणि तिनंही बजावलं होतं, हे पुस्तक वेळेत आलं नाही तर पुढचं दुसऱ्याला देऊ.

झाडवालीनं कंबर कसली. त्याच्या खोलीची खिडकी मोठी केली. वेली चढवल्या, सागवानी टेबल आणलं. स्वयंपाकघराकडची भिंत अर्धी पाडून तिथं लाकडी पट्ट्यांच्या झडपा बसवल्या, वारा आरपार जावा म्हणून.

सासूबाई दारात येऊन बघून गेल्या. “जंगल तर झालं. आता वाघ कुठून आणणार?”

“आहे की आत. जरा झोपलाय.”

“झोपलेल्याला उठवता येतं गं,” एवढंच म्हणाल्या. उरलेली म्हण त्यांनी गिळली.

पहिले काही दिवस बरे गेले. मग तो आणखीच मिटला. हात मांडीवर ठेवून नुसता बसायचा. तिनं दिवा बदलला, टेबल फिरवलं, वेल दुसऱ्या कोपऱ्यात नेली. तो दर वेळी म्हणायचा, “छान झालंय.” ते ‘छान’ ऐकलं की ती पुन्हा मोजपट्टी काढायची.

त्याच्या खुर्चीत मात्र ती बसली नव्हती. घरचंच माणूस, त्याचं काय बघायचंय?

एका दुपारी तो डॉक्टरांकडे गेला असताना, कुंड्यांना पाणी घालून ती दमली आणि त्याच्या खुर्चीतच टेकली. झडपांतून गार वारा आला. त्याच्यासोबत सासूबाईंचा आवाज आला. फोनवर लेकीशी बोलत होत्या, तेही हळू.

“नाही गं, एवढं करूनही त्याचं पालथ्या घड्यावर पाणी. हीच काल म्हणत होती, आई, मला आता घरी यावंसंच वाटत नाही.”

म्हणाली होती. भांडी विसळताना, नळाच्या आवाजात. त्याआधीही बरंच काही म्हणाली होती, त्याच नळापाशी.

नवरा परतला तेव्हा ती अजून खुर्चीतच होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग झडपांकडे.

“इथं सगळं ऐकू येतं?” तिनं विचारलं.

“नळ जोरात असला तर थोडं सुटतं.”

“बोलला का नाहीस?”

“एवढ्या हौसेनं केलीस. म्हटलं, हवा तरी चांगली येते.”

“उद्याच गवंड्याला बोलावते. भिंत परत घालू.”

“नको.” तो पलंगाच्या कडेला बसला, बूट न काढता. “भिंत घातलीस तर तुम्ही दोघी काय बोलताय ते मी मनानं ठरवत बसेन. ते याच्यापेक्षा वाईट असतं.”

ती टेबलाकडे वळली. टेबलावर पुस्तकाचा गठ्ठा नव्हता, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

“सकाळी परत पाठवलं,” तो म्हणाला. “अर्धंही झालं नव्हतं.”

तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यानं तो राहू दिला.

“काय परत पाठवलं रे?” सासूबाईंनी पलीकडून विचारलं, अगदी शेजारी बसल्यासारखं.