थंडोबाची चोख वाटणी

बर्फाचा कारखाना बंद पडला, तरी थंडोबाचं नाव थंडोबाच राहिलं. आयुष्यभर त्याने लाद्या कापल्या, भांडणाऱ्या गिऱ्हाइकांना अर्धी-अर्धी वाटून दिली, स्वतः कधी तापला नाही. लग्न करायचंही राहून गेलं. आता ती लांबलचक शेड आणि तो, दोघं एकमेकांकडे बघत गंजत होते.

त्या शांततेचाच त्याने धसका घेतला. म्हणून गावातले आणि शेजारच्या शहरातले चित्रकार त्याने शेडमध्ये बोलावले. महिनाभर एकत्र राहा, एकमेकांचं काम बघा, शेवटी प्रदर्शन लावा.

अर्धी शेड ताईची, म्हणजे थोरल्या बहिणीची. टायरवाला गोदामासाठी तिच्या मागे लागला होता.

"प्रदर्शनापर्यंत थांबते," ती म्हणाली. "तोवर ही मंडळी एकमेकांशी बोलली तर ठीक. नाहीतर टायर बरे. निदान एकावर एक गुण्यागोविंदाने पडून राहतात."

पहिल्या दिवशी खूप वा-वा झाली. दुसऱ्या दिवशी शेडच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. इथल्यांना तिथले दिखाऊ वाटले, तिथल्यांना इथले मागासलेले. दोघांनीही हे फक्त थंडोबाला सांगितलं.

त्याने लादी कापावी तसा न्याय केला. सगळं निम्मं-निम्मं. शिडी एकच, ती इथल्यांना, हातोडी-खिळे तिथल्यांना. किटली आणि चहा इकडे, साखर तिकडे. कुणाचीच तक्रार आली नाही, म्हणून तो निर्धास्त होता.

प्रदर्शनाच्या सकाळी शेडच्या भिंतींवर एकही चित्र नव्हतं. इथला एक जण शिडीवर राजासारखा रिकामा बसला होता. तिथले तोंडात खिळे धरून जमिनीवर. मागायचं कुणी?

शेवटी तिथल्या एका वेणीवालीने खिळे थुंकले आणि प्लायवूडवरून ओरडली, "अहो, या म्हाताऱ्याने तुमच्याकडेही घोळ घातलाय का?"

"घोळ? महिनाभर बिनसाखरेचा चहा पितोय!"

"तुम्हाला चहा तरी आहे! आम्ही साखर चाटतोय!"

"डोकं आहे की लादी?"

"लादी असती तर एव्हाना वितळली असती!"

दोन्हीकडून हशा फुटला. भिंत आडवी झाली, तिच्यावरच किटली आली. शिव्या देत देत चित्रं चढू लागली.

दारात उभ्या ताईने सगळं ऐकलं.

"ताई, मी तर चोख वाटणी..." थंडोबाचे कान लाल झाले होते.

"गप रे. बोलतायत ना? तुझ्या नावाने बोटं मोडायला का होईना." तिने तिथूनच टायरवाल्याला फोन लावला. "जागा नाही हो. माणसं भरलीयत."

त्या हसण्यात थंडोबाला कुणी धरलं नाही. तो बर्फ कापायच्या ओट्यावर बसून ऐकत राहिला. शेड घुमत होती.

काम आटोपलं, तसा आवाज ओसरू लागला. कुणीतरी हातोडी शिडीपाशी आणून ठेवली. कुणाचं लक्ष नाही असं बघून तो उठला, हातोडी उचलली, आणि पार दुसऱ्या टोकाला लपवून आला.