लॉजमधलं हळदीकुंकू

मी लॉजमध्ये हळदीकुंकू केलं होतं.

हसा. मीही हसते. यवतमाळच्या एसटी स्टँडामागचं लॉज, वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली, भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, आणि त्याच्याच खाली ही शहाणी वाण मांडून बसलेली. आमच्यात हे करतच नाहीत. पण मला घरंदाज दिसायचं होतं.

लॉजमध्ये राहायची हौस नव्हती. नवरा यवतमाळजवळ लोहाऱ्याला कारखान्यात लागला, म्हणून आर्णीहून आलो. लॉजच्या मागच्या कॉलनीत खोल्या रिकाम्या होत्या. आडनाव सांगितलं की घरमालकांच्या भाच्या राहायला यायच्या. एका मास्तरीणबाईंनी खोली दाखवली, नळ दाखवला, मग आडनाव विचारलं आणि म्हणाल्या, छत गळते. भर उन्हाळ्यात.

लॉजवाल्याने आडनावाचं काही काढलं नाही. रात्रीपुरती खोली घेतली आणि तिच्यात संसार थाटला. तेव्हा लॉज म्हणजे कापसाचे व्यापारी, दवाखान्यातल्या पेशंटचे नातेवाईक, आणि ज्यांना शहरात कोणी घर देत नाही ते आम्ही. समोरच्या खोलीत शमीम भाभी, मोटारसायकल मेकॅनिकची बायको. त्यांनाही कोणी घर दिलं नव्हतं. मी खाट सरकवून स्टोव्ह मांडला, दारावरच्या नंबरवर तोरण बांधलं. झालं घर.

संक्रांतीला कॉलनीतल्या बायकांना बोलावून आले. मास्तरीणबाईंनाही. संध्याकाळी जिन्यावर पाय वाजला की मी पदर सावरायची. लॉजचं गिऱ्हाईक निघायचं.

कोणी आलं नाही.

अक्कल असती तर इथं थांबले असते. मी हळदकुंकू, तिळाचे लाडू आणि वाणाची वाटी ठेवलेलं ताट उचललं आणि कॉलनीत गेले. मास्तरीणबाईंच्या अंगणात सगळ्या बसलेल्या. मी बोलावलेल्याच. बाईंनी फाटक उघडलं नाही.

"लॉजातल्या बाईच्या हातचं कुंकू कोन लावते वं? वाटी ठेव तिथं. भांडेवालीले देऊन देईन."

घर यांनी दिलं नाही म्हणून लॉज. लॉजात राहते म्हणून मी तसली.

मी वाटी ठेवायला वाकले. खरंच वाकले. आठवलं की अजून स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. मग हात थांबला. वाटी परत ताटात ठेवली, आणि फाटकासमोर उभी राहून तिळाचे लाडू एकेक करून सगळे खाल्ले. त्या बघत राहिल्या. शेवटचा घशात अडकला, तरी गिळला.

आता तेच लॉज मुलींचं होस्टेल झालंय. जिना तोच. चांगल्या घरचे बाप लेकींसाठी तिथं ओळख लावतात. माझी नातही तिथंच राहते, कारण कॉलनीत तिलाही आधी आडनाव विचारलं. फोनवर. इतकाच काय तो फरक पडला.

आर्णीत आम्ही घर बांधलं. त्याला फाटक नाही, लावूही देणार नाही. शेळ्या येऊन झाडं खातात, नवरा बोंबलतो. बोंबलू दे. भाड्याने कोणी आलं तर मी फक्त विचारते, किती माणसं. मी मेल्यावरही या घरात आडनाव विचारायचं नाही, हे पोरांना बजावून ठेवलंय.

लोकांना वाटतं, हे सगळं त्या मास्तरीणबाईमुळे. नाही. त्या संध्याकाळी लाडू संपलेलं ताट घेऊन मी लॉजचा जिना चढले, तेव्हा शमीम भाभी दारात बसल्या होत्या. ताटाकडे बघत म्हणाल्या,

"माझ्या समोरून ताट घेऊन गेली तू. कुंकू नसतं लावलं मी, लाडू तं खाल्ला असता. मले काहून नाही बोलावलं वं?"